हृदयाला चालायला लावणारा डॉक्टर

सोमवार, २६ सप्टेंबर १९५५. अमेरिकेतलं डेन्व्हर शहर. एका लष्करी हॉस्पिटलमध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर ऑक्सिजनच्या तंबूत पडून आहेत आणि बाहेर पत्रकारांची ही गर्दी. दोन दिवसांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आलाय. तिकडे न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडल्या उघडल्या कोसळलाय. दिवसअखेर सुमारे १४ अब्ज डॉलर हवेत विरले. बाजाराचा हिशेब सरळ होता : हार्ट अटॅक आला म्हणजे माणूस संपला. जगला तरी खुर्चीत, गुडघ्यावर शाल घेऊन.

अशा वेळी पत्रकारांसमोर एक ६९ वर्षांचा, सडपातळ, बारीक मिशीवाला डॉक्टर उभा राहिला आणि त्यानं चक्क वर्ग घ्यायला सुरुवात केली. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या कुठे असतात, त्यात गुठळी अडकली की स्नायूचा तेवढा तुकडा कसा मरतो, मग तिथे व्रण कसा तयार होतो, त्याला किती आठवडे लागतात, सगळं. राष्ट्राध्यक्षांचं पोट साफ झालं का, हेसुद्धा त्यानं सांगून टाकलं! पत्रकार अवाक. आयझेनहॉवर यांना नंतर हे कळलं तेव्हा तेही संकोचले म्हणतात. पण त्या दिवशी लाखो सामान्य माणसांना पहिल्यांदाच कळलं, की हार्ट अटॅक हा एक आजार आहे, त्याला सुरुवात आहे, मध्य आहे, आणि बरं होणंही आहे.

त्या डॉक्टरचं नाव पॉल डडली व्हाइट. आज तुमचे काका अँजिओप्लास्टीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉर्डात फेऱ्या मारताना दिसतात, डिस्चार्ज पेपरवर रोज अर्धा तास चाला असं लिहिलेलं असतं, त्यामागे जी काही माणसं आहेत त्यात हा माणूस अगदी वर येतो. गंमत म्हणजे रुग्णांना सहा-सहा आठवडे पलंगाला खिळवून ठेवायच्या पद्धतीलाही त्याच्याच एका संशोधनाचा आधार मिळाला होता. पण तो भाग पुढे.

पॉलचा जन्म ६ जून १८८६ चा, बॉस्टनमधल्या रॉक्सबरीचा. वडील फॅमिली डॉक्टर. घोडागाडीतून रुग्णांच्या घरी जायचे ते दिवस. त्या घरावर हृदयरोगाचा घाव लवकर बसला. पॉलची धाकटी बहीण ऱ्हुमॅटिक फीव्हरनं गेली. घशाच्या साध्या संसर्गातून सुरू होणारा आणि हृदयाच्या झडपा खराब करणारा हा आजार. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. डॉक्टर बापाच्या हातातही वाट बघण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. पॉल पुढे हृदयाकडे वळला त्याचं एक कारण ही बहीण.

हार्वर्डमधून तो १९११ मध्ये डॉक्टर झाला आणि बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रुजू झाला. मग १९१३ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि तो लंडनला गेला, थॉमस लुइस यांच्याकडे. ईसीजी हे तेव्हा अगदी नवं खूळ होतं. यंत्र खोलीभर. रुग्णानं दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून बसायचं, मग हृदयातली वीज कागदावर उमटायची. व्हाइट ते तंत्र शिकले आणि १९१४ मध्ये असं यंत्र आपल्या हॉस्पिटलात बसवलं. अमेरिकेत फक्त हृदय बघणारा डॉक्टर ही कल्पनाच तेव्हा नवी होती. एवढ्याशा अवयवावर अख्खं करिअर?

लुइस यांची आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. पहिल्या महायुद्धात हजारो सैनिक धडधड, धाप, थकवा अशा तक्रारी घेऊन यायचे. हृदय तपासलं तर ठीक. लुइस यांनी त्यांना झोपवून न ठेवता चढत्या क्रमानं कवायत करायला लावली. आज थोडी, उद्या थोडी जास्त. बरेच जण पुन्हा उभे राहिले. व्हाइट त्या काळात फ्रान्समधल्या युद्ध-हॉस्पिटलांत होते, नंतर ग्रीसमध्ये टायफसची साथ आवरायला गेले. पण गुरूचा हा प्रयोग त्यांच्या नजरेआड झाला असेल असं वाटत नाही.

१९२८ मध्ये त्यांच्याकडे एक ३५ वर्षांचा शिक्षक आला. अधूनमधून त्याची छाती बेफाम धडधडायची. ईसीजी विचित्र होता, पाहणाऱ्याला वाटावं हृदय पुरतं बिघडलंय. सहकारी लुई वुल्फ यांनी त्याला जिने वरखाली पळायला लावलं आणि पुन्हा ईसीजी काढला. तो एकदम नॉर्मल! व्हाइट यांनी असेच इतर रुग्ण शोधले, लंडनचे जॉन पार्किन्सन यांच्याकडेही काही सापडले. अकरा जणांवरचा लेख १९३० मध्ये आला. मेडिकलच्या मित्र-मैत्रिणींना विचारा, वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट सिंड्रोम ते झोपेतही सांगतील. त्या तीन नावांतले शेवटचे हेच. पुढच्याच वर्षी, १९३१ मध्ये, हृदयरोगावरचं त्यांचं जाडजूड पुस्तक आलं आणि एका पिढीनं ते घोकलं.

आता तो पलंगाचा भाग.

हार्ट अटॅक आल्यावर रुग्णानं पडून राहायचं, हा तेव्हाचा नियम. पडून म्हणजे अक्षरशः पडून. स्वतःच्या हातानं जेवायचं नाही, दाढी करायची नाही, कूस बदलायला नर्स. घाबरण्यामागे तर्क होता. मेलेला स्नायू मऊ असतो, जोर पडला तर भिंत फुटेल. पण हे किती दिवस? व्हाइट आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅकनंतर कधी ना कधी दगावलेल्या ७२ रुग्णांची हृदयं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि १९३९ मध्ये निष्कर्ष मांडला. छोटी जखम महिना-सव्वा महिन्यात बरीचशी भरते, मोठी असेल तर दोन महिने लागतात. अतिशय उपयोगी काम. पण डॉक्टर मंडळींनी त्यातून सोयीचा आकडा उचलला : सहा आठवडे. सगळ्यांना. सरसकट.

याची किंमत काय होती? पायाच्या शिरांत रक्त साकळायचं, ती गुठळी सुटून फुप्फुसात जायची आणि अटॅकमधून वाचलेला माणूस तिनं जायचा. न्यूमोनिया व्हायचा. पाठीला जखमा. स्नायू काटकुळे. आणि मन? दीड महिना छताकडे बघत, आपण संपलो हे मनाशी घोकत. उठून उभं राहिल्यावर चक्कर आली, धाप लागली, की तो हृदयाचाच दोष ठरायचा. मग घरी आणखी विश्रांती. नोकरी गेली. घरातलं कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

व्हाइट यांना हे खटकत होतं, कारण ते रुग्णांना सोडून द्यायचे नाहीत. एडवर्ड ब्लँड या सहकाऱ्यासोबत त्यांनी १९२० च्या दशकात अटॅक येऊन गेलेल्या २०० रुग्णांचा पाठपुरावा केला. दहा वर्षांनी काय झालं ते १९४१ मध्ये छापलं, पंचवीस वर्षांचा हिशेब १९५६ मध्ये. इतका चिवटपणा आज ईमेल-मोबाइलच्या काळातही कठीण आहे. त्यातून जे दिसलं ते साधंच होतं, पण तेव्हा कुणाला पटणारं नव्हतं. पहिले काही आठवडे पार केलेले अनेक जण वर्षानुवर्षं जगत होते, कामावर जात होते. दुखावलेलं हृदय म्हणजे मेलेलं हृदय नव्हे.

बदलाचं श्रेय एकट्या व्हाइट यांना दिलं तर ते चूक होईल. त्याच बॉस्टनमध्ये सॅम्युअल लेव्हिन आणि तरुण बर्नार्ड लाउन यांनी अटॅकच्या रुग्णांना पलंगाऐवजी आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली. १९५२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं तेव्हा बरीच नाकं मुरडली गेली होती. १९५३ मध्ये लंडनचे जेरी मॉरिस यांनी डबल डेकर बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास छापला. दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. व्हाइट यांचा वाटा वेगळा होता. त्यांच्याकडे आवाज होता, आणि १९५५ च्या त्या सप्टेंबरात सगळं जग तो ऐकत होतं.

आयझेनहॉवर तेव्हा चौसष्ट वर्षांचे. सैन्यातले असताना दिवसाला चार-चार पाकिटं सिगारेट ओढायचे, ती सहाएक वर्षांपूर्वी सुटली होती. अटॅकच्या आदल्या दिवशी गोल्फचे २७ होल खेळून झाले होते. रात्री छातीत दुखायला लागलं. सकाळी पत्रकारांना पोट बिघडल्याचं सांगण्यात आलं. (ॲसिडिटी असेल, ही थाप माणसं स्वतःला आजही मारतात.) दुपारी ईसीजी काढला तेव्हा खरं कळलं. दुसऱ्या दिवशी हवाई दलाच्या विमानानं व्हाइट बॉस्टनहून आले.

त्यांनी काही जादू केली नाही. सुरुवातीला विश्रांती, मग खुर्ची, मग थोडी पावलं, मग जिना, प्रत्येक पायरीवर नाडी आणि ईसीजी. जवळपास सात आठवडे आयझेनहॉवर हॉस्पिटलात होते, आजच्या मानानं प्रचंड. पण ११ नोव्हेंबरला ते तिथून निघाले ते स्वतःच्या पायांवर, कॅमेऱ्यांसमोर. व्हाइट यांनी गोल्फ बंद केला नाही. नवा अटॅक आणि आदल्या दिवशीचा गोल्फ यांचं नातं जोडायला जो तो टपलेला असताना हे सोपं नव्हतं. फेब्रुवारी १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष पुन्हा मैदानावर दिसले. १४ फेब्रुवारीला व्हाइट आणि इतर डॉक्टरांनी जाहीर केलं की ते आणखी पाच ते दहा वर्षं सक्रिय आयुष्य जगू शकतात.

आता यातली खरी गोम. आयझेनहॉवर यांनी दुसऱ्यांदा निवडणूक लढवू नये, असं व्हाइट यांना मनातून वाटत होतं. तसं त्यांनी खासगीत सुचवलंही. व्यायाम झेपेल, पण त्या खुर्चीचा ताण? एकीकडे वर्षानुवर्षं सांगत आलेलं तत्त्व, की हार्ट अटॅकनंतर माणूस पूर्ण काम करू शकतो. दुसरीकडे समोरचा एक रुग्ण, ज्याची काळजी वाटते. राजकारणी मंडळींना डॉक्टरकडून फक्त हो हवं होतं. व्हाइट यांनी प्रकृतीबद्दल जे खरं वाटलं तेवढंच जाहीरपणे सांगितलं आणि निर्णय रुग्णावर सोडला. आयझेनहॉवर उभे राहिले, जिंकले. निवडणुकीआधीच आतड्याचं ऑपरेशन झालं होतं, नंतर एक छोटा पक्षाघात झाला, तरी जानेवारी १९६१ पर्यंत पूर्ण मुदत काढली आणि १९६९ पर्यंत जगले. व्हाइट यांची भीती खोटी ठरली असं म्हणता येईल. मला मात्र ती भीतीच जास्त आवडते. तत्त्वासाठी रुग्णाला पणाला लावणारा डॉक्टर फार झाला तर प्रचारक होतो.

त्यानंतर व्हाइट जगातले सगळ्यात प्रसिद्ध हार्ट स्पेशालिस्ट झाले आणि ती प्रसिद्धी त्यांनी सायकलीवर खर्च केली. अक्षरशः. १९५० च्या दशकातल्या अमेरिकेत सायकल म्हणजे पोरांचं खेळणं. मोठा माणूस सायकलवर दिसला तर त्याचं लायसन्स गेलं असणार असं लोकांना वाटायचं. अशा देशात हा सत्तरीचा डॉक्टर सायकलवर फिरायचा, लिफ्ट सोडून जिना चढायचा, शहरोशहरी जाऊन सायकलसाठी वेगळे रस्ते मागायचा. मोटारीनं अमेरिकन माणसाचे पाय काढून घेतले, ही त्यांची नेहमीची तक्रार. (पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणत. पुढचं तुम्हाला माहीत आहे.)

त्यांच्या कुतूहलाला हद्द नव्हती. देवमाशाचं हृदय किती वेळा धडकतं हे कळावं म्हणून त्यांनी १९५२ मध्ये अलास्कात बेलुगा देवमाशाचा ईसीजी मिळवला. मग आणखी मोठा ग्रे व्हेल हवा म्हणून १९५६ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर मोहीम काढली. तिथे देवमाशानं बोटीलाच दणका दिला.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं त्यांचं सगळ्यात भारी काम बहुधा क्लॅरेन्स डिमार या माणसावरचं आहे. डिमार पेशानं छापखान्यातला कामगार. १९११ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनच्या आधी डॉक्टरांनी त्याची छाती तपासली आणि हृदयात मर्मर ऐकू येतेय, पळणं सोड असा सल्ला दिला. तो पळाला. जिंकला. पुढे आणखी सहा वेळा जिंकला, एकूण सात. साठी उलटली तरी पळतच होता. १९५८ मध्ये तो कॅन्सरनं गेला तेव्हा जेम्स करन्स आणि व्हाइट यांनी त्याच्या हृदयाचा अहवाल लिहिला. तो १९६१ मध्ये छापून आला. सत्तरीच्या माणसाच्या धमन्यांत थोडी चरबी साठलेली होतीच. पण त्या धमन्या नेहमीपेक्षा दोन ते तीन पट रुंद होत्या. रस्त्यावर थोडा राडारोडा पडलाय, पण रस्ताच सहापदरी आहे, असं काहीसं. एका माणसावरून नियम बनत नाही आणि तो मुळातच रुंद धमन्या घेऊन जन्मला असेल हेही शक्य आहे. तरीही अर्धं शतक पळून हृदय झिजत नाही, एवढं तरी टेबलावर समोर होतं.

मग पलंगानं काय होतं? त्याचं उत्तर १९६६ मध्ये डॅलसमध्ये मिळालं आणि ते तुमच्याच वयाच्या मुलांनी दिलं. वीस वर्षांचे पाच धडधाकट तरुण तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवले. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ही क्षमता पाव भागाहून जास्त घटली. तीनच आठवड्यांत! नंतर आठ आठवडे ट्रेनिंग दिल्यावर ती परत आली, वरही गेली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयानं जेवढं नुकसान केलं होतं त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांच्या झोपेनं जास्त केलं होतं. आता विचार करा, ज्याचं हृदय आधीच जखमी आहे अशा साठीतल्या माणसाला आपण दीड महिना झोपवत होतो.

चालणं, सायकल, पोहणं असा लयीत चालणारा एरोबिक व्यायाम दुखावलेल्या हृदयाला नेमकी मदत कशी करतो, हे व्हाइट यांच्या नंतर जास्त स्पष्ट झालं. हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात भरतं. नियमित व्यायामानं ठोके मंदावतात, विसावा लांबतो. पायाचे स्नायू रक्तातून ऑक्सिजन जास्त चांगला ओढून घ्यायला शिकतात, त्यामुळे त्याच जिन्यासाठी हृदयाला कमी राबावं लागतं. पूर्वी पहिल्या मजल्यावर छातीत दुखायचं ते तिसऱ्या मजल्यापर्यंत दुखत नाही. धमन्यांचं आतलं अस्तर सुधारतं, त्या वेळेवर रुंदावतात. साठलेला अडथळा मात्र व्यायामानं विरघळून जात नाही, आणि बऱ्याच रुग्णांत इको रिपोर्टमधला पंपिंगचा आकडाही फार हलत नाही. सुधारतो तो माणूस. म्हणूनच आकडा तोच आहे म्हणून खचलेल्या नातेवाइकाला हे समजावून सांगायला हवं. आणि हो, अटॅकनंतरचा व्यायाम डॉक्टरांनी तपासून, मोजून द्यायचा असतो. यूट्यूब बघून काकांना ट्रेडमिलवर चढवू नका. व्हाइट यांनीही राष्ट्राध्यक्षांना आधी काही आठवडे झोपवलंच होतं.

भारताशी त्यांचा एक धागा आहे, डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती. १९५२ मध्ये त्या हार्वर्डला व्हाइट यांच्या हाताखाली शिकल्या, परतून दिल्लीत लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात हृदयविकाराचं क्लिनिक उभं केलं आणि देशातल्या पहिल्या महिला कार्डिओलॉजिस्ट म्हणून ओळखल्या गेल्या. गरीब मुलांमधल्या ऱ्हुमॅटिक हृदयविकारावर त्यांनी मोठं काम केलं. व्हाइट यांची बहीण ज्या आजारानं गेली, तोच. पद्मावती २०२० मध्ये वारल्या तेव्हा १०३ वर्षांच्या होत्या.

व्हाइट स्वतः शेवटपर्यंत फिरत राहिले. शीतयुद्ध ऐन भरात असताना १९५६ मध्ये रशियाला गेले, तिथल्या डॉक्टरांशी मैत्री केली. १९६४ मध्ये त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. १९७१ मध्ये चीननं दारं किलकिली केली तेव्हा आत शिरलेल्या पहिल्यावहिल्या अमेरिकन डॉक्टरांत ८५ वर्षांचे व्हाइट होते. ३१ ऑक्टोबर १९७३ रोजी बॉस्टनमध्ये ते गेले, वय ८७. अमेरिकेच्या टपाल खात्यानं १९८६ मध्ये त्यांच्या चेहऱ्याचं तीन सेंटचं तिकीट काढलं.

बॉस्टनमध्ये चार्ल्स नदीच्या काठानं एक लांबलचक वाट जाते. पहाटेपासून तिथे सायकली, धावणारे, बाबागाडी ढकलणारे आईबाप, काठी टेकत चालणारे आजोबा. ती वाट व्हाइट यांच्या नावाची आहे. आणि ज्या हॉस्पिटलात त्यांनी १९१४ मध्ये ईसीजीचं यंत्र आणलं ते तिथून चालत काही मिनिटांवर आहे.